दोन्हीकडचे करजगीअण्णा

वापरलेला कार्बन जाळून टाकायचा असतो, हे मला करजगीअण्णांनी शिकवलं. सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, मी टाईपरायटर घेऊन बसायला लागले त्याच्या दुसऱ्याच दिवसाची गोष्ट. नवा कोरा कार्बन एकदाच वापरून फाटला, म्हणून मी तो चुरगळून भिंतीपाशी टाकला. शेजारच्या चटईवर अर्ज लिहीत बसलेला म्हातारा उठला. त्यानं तो बोळा उचलला, उलगडला, उन्हाकडे धरला आणि मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. कुणा नवराबायकोच्या काडीमोडाचा मजकूर होता, नावगावासकट.

"शालनबाई, हे तुम्ही भिंतीपाशी टाकलं नाही, चावडीवर टाकलंत," एवढंच ते म्हणाले. मग खिशातून काडेपेटी काढून त्यांनी तो कार्बन पेटवला आणि राख चपलेनं मातीत मिसळली. माझं नाव त्यांना कुणी सांगितलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. नवऱ्याची गिरणी महिनाभर चालायची, दोन महिने बंद राहायची, म्हणून मी टायपिंगची परीक्षा देऊन तिथे येऊन बसले होते. त्या आवारात बाई मी एकटीच. पहिले काही दिवस येणारेजाणारे थांबून बघायचे. अण्णांनी एक केलं. आपली चटई हातभर पुढे सरकवली, म्हणजे रस्त्यावरून आलेल्या माणसाला आधी ते दिसायचे, मग मी. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

मल्लिनाथ करजगी हे त्यांचं पूर्ण नाव. साठीच्या आसपासचे, काटक, धुतलेलं पण इस्त्री नसलेलं धोतर, काळी टोपी. ते अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांचं मराठी अक्षर मोत्यासारखं, उर्दू त्याहून देखणं. पलीकडच्या निजामी मुलखातले जुने कागद घेऊन लोक त्यांच्याकडे यायचे, कारण ते वाचणारं आवारात दुसरं कुणी उरलं नव्हतं. अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याशी ते कन्नडमध्ये बोलायचे, विणकरांशी मोडक्यातोडक्या तेलुगूत, म्हाताऱ्या मौलवीशी अशा उर्दूत की ऐकत राहावं. ज्याच्याशी बोलतील त्याच्यासारखे दिसू लागायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुम्ही मनातल्या मनात कोणत्या भाषेत बोलता?"

"मनातल्या मनात कोणत्या भाषेत बोलतो," त्यांनी माझाच प्रश्न हळूच परत म्हटला आणि उत्तर दिलंच नाही.

ही त्यांची खोडच होती. कसलाही प्रश्न विचारा, साधं किती वाजले म्हणून विचारा, ते आधी तो प्रश्न स्वतःशी म्हणायचे. तेवढ्यात त्यांना विचार करायला वेळ मिळायचा. भिंतीला पाठ लावल्याशिवाय ते बसत नसत. तिऱ्हाइताचं नाव घेत नसत, "तो माणूस", "ती बाई" एवढंच. कागदाची घडी नेहमी मजकूर आत जाईल अशी. संध्याकाळी घरी जाताना रोज वेगळ्या गल्लीतून. दुपारी कडक भाकरी शेंगाच्या चटणीत बुडवून खाताना सुद्धा त्यांची नजर फाटकावर असायची.

अर्जाविषयी त्यांची काही मतं होती. "अर्जात रडू नये, शालनबाई. वाचणाऱ्याला रोज पन्नास रडणारे भेटतात. सही कुठे करायची तेवढं त्याला कळलं पाहिजे." आणि दुसरं, "अर्जाला सगळं खरं पेलत नाही. कामापुरतं खरं लिहावं."

आवारात त्यांना पाठीमागे "दोन्हीकडचे" म्हणायचे. का, ते मला हळूहळू कळलं. सोलापूर इंग्रजी मुलखात होतं आणि पूर्वेला थोड्या कोसांवर निजामाची हद्द लागायची. देश स्वतंत्र झाला तरी तो मुलूख वर्षभर वेगळाच राहिला. त्या वर्षात हद्दीच्या अलीकडे आपल्या लोकांचे कॅम्प होते. तिथून माणसं, चिठ्ठ्या, हत्यारं पलीकडे जायची. अण्णा तेव्हा पलीकडे, हद्दीवरच्या एका जकात नाक्यावर कारकून होते. पगार निजामाचा. कुणी म्हणायचं, ते नाक्यावरच्या बातम्या आपल्या कॅम्पला पोचवायचे. कुणी म्हणायचं, कॅम्पातल्या बातम्या नाक्याला पोचवायचे. दोन्ही म्हणणारे चहा प्यायला एकाच टपरीवर यायचे.

मी एकदा हेही विचारून पाहिलं. ते म्हणाले, "दोन्ही खरं आहे. त्याशिवाय तो माणूस नाक्यावर एक आठवडा तरी टिकला असता का?" स्वतःलाही ते "तो माणूस" म्हणाले.

मग एके वर्षी बातमी आली की सीमेवरच्या त्या लढ्यात असलेल्यांची नोंद होणार आहे, सन्मानपत्रं मिळणार आहेत, हुतात्म्यांची नावं गावोगाव दगडावर कोरणार आहेत. अर्ज तपासायला शहरातल्या थोर मंडळींची समिती नेमली. अण्णांच्या चटईपुढे रांग लागली. सगळ्या नाक्याची वर्दळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे तारखा, वाटा, माणसं त्यांना पाठ. एक भारदस्त गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात वेताची काठी. अमुक पोळ्याच्या दिवशी आपण गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून पलीकडे पत्रकं वाटली, असं त्यांनी सांगितलं. अण्णा लिहिता लिहिता थांबले.

"त्या पोळ्याला नदीला पूर होता. नाक्याची पायरी बुडाली होती. बैल सुद्धा धुतले नाहीत कुणी."

गृहस्थांचं तोंड उतरलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "पत्रकं राहू द्या. पाणी काढू या." आणि नदीचा उल्लेख वगळून त्यांनी अर्ज पुरा केला. ते गेल्यावर मी म्हटलं, "खोटं आहे हे माहीत असून लिहून दिलंत?"

"पत्रकं त्यांनी वाटली होती. दुसऱ्या दिवशी, दुसरीकडे. माणसाला आपलं खरं फार साधं वाटतं, म्हणून तो त्यात नदी घालतो."

स्वतःचा अर्ज मात्र त्यांनी लिहिला नाही. मी टाईप करून देते म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या अर्जाला साक्षीदार दोन्हीकडचे आणावे लागतील. ते एका चटईवर बसायचे नाहीत."

काशीबाई आल्या त्या एका मंगळवारी. हद्दीजवळच्या एका खेड्यातल्या. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, डोक्यावरचा पदर दातात धरायची सवय. त्यांना भावाच्या नावाचा अर्ज करायचा होता. भाऊ इरण्णा, बावीस वर्षांचा, त्या वर्षी नदीकाठी पोलिसांच्या गोळीनं मेला. निजामाच्या दप्तरात नोंद अशी की चोरटा माल नेताना पळत होता, म्हणून मारला.

"चोर न्हवता वो त्यो," काशीबाई म्हणाल्या. "कॅम्पाच्या चिट्ट्या न्यायचा. मला ठावं हाय, माझ्याच चोळीच्या खणात बांदून नेल्यात त्यानं. पर गावात आजून आमाला चोराचं घर म्हनत्यात. माझ्या पोरीचं लगीन दोनदा मोडलं. पैका नगं मला. त्येचं नाव तेवडं दगडावर आलं पायजे."

अण्णांनी या वेळी शब्द परत म्हटले नाहीत. टाक दौतीत बुडवला, कागदावर टेकवला आणि तसाच धरला. शाईचा एवढा मोठा डाग पसरला. तीन वर्षांत त्यांच्या हातून वाया गेलेला तो पहिला कागद मी पाहिला.

"पुढच्या बाजारी या," ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी त्यांनी सांगितलं की दोन साक्षीदार लागतील. त्याच्या पुढच्या मंगळवारी सांगितलं की कॅम्पच्या प्रमुखांना भेटावं लागेल. काशीबाई उठायच्या आणि एसटी गाठायला चालू लागायच्या. तिसऱ्यांदा त्या गेल्यावर अण्णांनी चटई गुंडाळली. दुपारचे तीन वाजले असतील.

"शालनबाई, माझ्याबरोबर चला. मशीन राहू द्या. कान असलेलं माणूस पाहिजे फक्त."

कॅम्पचे प्रमुख म्हणजे आबासाहेब. आडनाव लिहीत नाही, ते गेले तरी त्यांची नातवंडं शहरात आहेत. समितीत तेच वडीलधारे होते. बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. आम्हाला बघून उठले, खुर्च्या मागवल्या, ताक मागवलं. वागण्यात कुठे कमीपणा नव्हता.

"करजगी, किती वर्षांनी."

"इरण्णाच्या अर्जावर तुमची साक्ष पाहिजे," अण्णा म्हणाले.

"कोण इरण्णा?"

"नदीच्या वाटेनं ज्याला पाठवला, तो."

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "या बाई कोण?"

"माझ्या शेजारी बसतात. त्यांच्यासमोर बोला."

मग आबासाहेब म्हणाले, "त्या पहाटे आठ पेट्या टेकडीच्या वाटेनं पार झाल्या. त्या बंदुकांनी किती गावं वाचली, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे."

"माहीत आहे."

"नाक्यावरच्या पोलीस अमीनाला तुमचा संशय आला होता. एक खरी बातमी दिल्याशिवाय तुम्ही वाचत नव्हता आणि पेट्याही जात नव्हत्या. दोन दिवस कोठडीत ठेवतील, मग सोडवू, असं ठरलं होतं आपलं."

"होय, तसंच ठरलं होतं. तेवढंच लिहू या."

"काय लिहायचं? की आम्ही आमचाच माणूस दाखवून दिला?" आबासाहेबांचा आवाज चढला नाही. "लढाईत असं होतं, करजगी. सैन्यातही होतं."

"सैन्यातल्या शिपायाला ठाऊक असतं की आपण लढाईला निघालोय," अण्णा म्हणाले. "त्याला वाटलं, चिठ्ठ्या पोचवायच्या आहेत. त्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या."

आबासाहेबांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "मी सही देणार नाही. आणि तुम्ही माझं नाव घेतलंत, तर मी नाही म्हणेन. लोक कोणाचं ऐकतील, ते तुम्हीच ठरवा."

अण्णांनी आपला पेला शेवटपर्यंत संपवला, नमस्कार केला आणि निघाले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "ताक चांगलं होतं." मग गिरणीचा भोंगा होईपर्यंत आम्ही चालत राहिलो, आणि चालता चालता त्यांनी मला उरलेलं सांगितलं. इरण्णा मेला त्या दिवशी अमीनानं त्यांची पाठ थोपटली होती. म्हणाला होता, तुझ्यासारखी चार माणसं असती तर हद्द सांभाळली असती. त्यानंतर अमीन त्यांच्यापासून काही लपवीनासा झाला. धाड कुठे पडणार, कधी पडणार, सगळं अण्णांना आधी कळायचं आणि ते कॅम्पला कळवायचे. कितीतरी घरं वेळेवर रिकामी झाली.

"म्हणजे उपयोग झाला," मी म्हटलं.

"उपयोग झाला," त्यांनी माझेच शब्द परत म्हटले.

पुढच्या मंगळवारी काशीबाई आल्या. अण्णांनी त्यांना चटईवर बसवलं आणि स्वतः खाली मातीत बसले. मी मशीनवरचे हात काढून घेतले.

"काशीबाई, तुमचा भाऊ कॅम्पचं काम करत होता. चोर नव्हता. हे मला माहीत आहे, कारण तो त्या वाटेनं येणार ही बातमी नाक्याला मी दिली होती."

काशीबाईंना आधी कळलंच नाही. पदर दातात तसाच. मग त्यांनी तो सोडला.

"तुमी?"

"होय."

"त्येला ठावं हुतं का?"

"नाही."

"आनि तुमाला ठावं हुतं का, गोळी घालतील म्हून?"

अण्णांनी हाही प्रश्न परत म्हटला नाही. "मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. थांबले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "नाही. वाटलं होतं. अमीन कसा आहे, हे मी रोज बघत होतो. मनात आलं होतं आणि तरी सांगितलं."

आवारात माणसांची गर्दी होती, पुकारे चालू होते. काशीबाई उठल्या. शिवी दिली नाही, रडल्या नाहीत. पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालू लागल्या. अर्ध्या वाटेत थांबून त्यांनी मागे पाहिलं, पण माझ्याकडे.

"बाई, अर्जाचं काय कराचं ते करा," त्या म्हणाल्या.

अर्जाचं मग अण्णांनीच केलं. त्याच दुपारी त्यांनी मला प्रतिज्ञापत्र सांगितलं. मी, मल्लिनाथ करजगी, अमुक नाक्यावर कारकून असताना, सदर इरण्णा हा कॅम्पचा निरोप्या असल्याचे जाणून, त्याच्या येण्याची बातमी पोलिसांस दिली. त्यावरून तो मारला गेला. त्याच्याजवळ चोरटा माल नव्हता. एवढंच. मी पुढच्या वाक्यासाठी बोटं उचलून बसले.

"संपलं," ते म्हणाले.

"आबासाहेबांनी सांगितलं म्हणून बातमी दिली, ते?"

"ते नको."

"अण्णा, मग तुम्ही नुसते खबरे ठरता. हे खरं नाही."

"खरं आहे. अर्धं आहे. त्यांचं नाव घातलं तर ते नाकारतील. दोन म्हणणी झाली की फाइल थांबते, चौकशी लागते. ती बाई पन्नाशीला आलीय. नाव नाही घातलं, तर फाइलवर पहिली सही तेच करतील. आनंदानं करतील."

"आणि तुमचं काय?"

"हे कुणाला सांगायचं नाही. आमच्यापैकी कुणी जिवंत असेपर्यंत नाही." मग त्यांनी हात पुढे केला. "कार्बन द्या."

त्यांचा अंदाज शब्दन् शब्द खरा ठरला. बातमी देणारा स्वतःच्या तोंडानं कबूल होतोय म्हटल्यावर दुसऱ्या साक्षीची गरज उरली नाही. दोन महिन्यांत इरण्णाचं नाव हुतात्म्यांत आलं आणि पहिली सही आबासाहेबांची होती. शहरातल्या एका वर्तमानपत्रात अण्णांचं प्रतिज्ञापत्र छापून आलं. "देशद्रोह्याची कबुली" असा मथळा होता. त्यानंतर रांग तर मोडलीच, पण साधा दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायलाही कुणी येईना. टपरीवाल्यानं त्यांना चहा देणं बंद केलं. एका सकाळी त्यांची लाकडी पेटी फोडलेली मिळाली. आत दौत उलटी केलेली, सगळे कागद काळे. ते पेटीशेजारी उकिडवे बसले आणि एकेक कागद उलटून पाहत राहिले, एखादा वाचता येतो का म्हणून. ज्यांचा अर्ज त्यांनी लिहिला होता, ते पांढऱ्या टोपीचे गृहस्थ समोरून गेले आणि थुंकले. अण्णांनी मान वर केली नाही.

मी मात्र बोलले नाही. बोलावंसं रोज वाटायचं. एकदा म्हटलंही, "मी आबासाहेबांच्या दारात जाऊन उभी राहते." ते इतक्या घाईनं "नको" म्हणाले की मी घाबरले. महिनाभर ते रिकामी चटई टाकून बसत राहिले. मग एके दिवशी आले नाहीत, आणि त्यानंतर आलेच नाहीत. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या खोलीवर मी दोनदा गेले. एकटेच असत. बायको फार पूर्वी गेलेली. माझ्याशी गिरणीविषयी, उन्हाविषयी बोलले. चहा स्वतः केला.

दगड बसवला तो उन्हाळ्यात. काशीबाईंनी मला निरोप धाडला होता, म्हणून मी गेले. गावाच्या वेशीत मांडव, ताशा, शाळेची पोरं. आबासाहेबांनी भाषण केलं. हुतात्म्याच्या रक्ताविषयी बोलताना त्यांचा आवाज खरोखरच कापला आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते नाटक होतं असं मी आजही म्हणणार नाही. काशीबाई पुढच्या रांगेत नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. फुलं वाहताना त्यांनी दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं त्यांना.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी होते. गावापासून दीडेक कोसावर रस्त्याच्या कडेनं एक माणूस गावाकडे चालत येताना दिसला. काळी टोपी, धोतर. मी कंडक्टरला विनवून गाडी थांबवली आणि खाली उतरले.

"अण्णा, या उन्हात?"

"गर्दी गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली. मांडव सोडतायत."

"नाव नीट आलंय ना? वडिलांचं नाव आहे?"

"आहे. सगळं बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली. ओठ सुकले होते. माझ्याकडे पाणीही नव्हतं. कंडक्टरनं घंटी वाजवली. "तुम्ही जा, शालनबाई," ते म्हणाले. गाडी सुटल्यावर मी मागे पाहिलं. धूळ बसेपर्यंत ते बाजूला उभे राहिले, मग चालू लागले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दिवाळीच्या आत गेले. खांदा द्यायला आम्ही कोर्टातल्या लोकांनी दोन माणसं मिनतवारीनं गोळा केली, दोन गल्लीतली होती.

दोनेक वर्षांनी काशीबाई मुलीच्या लग्नाची अक्षत घेऊन आवारात आल्या. लिंबाखालच्या मोकळ्या जागेकडे बघून त्यांनी विचारलं, "त्ये म्हातारं?"

"गेले," मी म्हटलं. आणि मग राहवलं नाही, म्हणून विचारलं, "त्या दिवशी ते तुमच्या गावात आले होते का?"

"आल्ते की. दिस कलला हुता. दगडाम्होरं हुबे ऱ्हायले, लई येळ. मग माझ्या दाराशी आले. बोलले कायबी न्हाय. मीबी बोलले न्हाय. पर तोंड वाळलेलं दिसलं, म्हून उंबऱ्यावर तांब्या ठिवला आनि आत गेले. पान्याला न्हाई म्हनता येत न्हाय."

"मग?"

"प्याले. मग राख घिऊन तांब्या घासला, पालता घातला आनि गेले."